छपरापर्यंत गेलेला गुलाब

वर्ध्याच्या घरी मी एक गुलाब वाढवला. तो ओसरीच्या कौलांपर्यंत पोचला. त्याला फूल मात्र एकदाही आलं नाही.

तन्वी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण तू टोरांटोहून गॅलरीतल्या कुंडीचा फोटो पाठवून विचारलंस, ‘आजी, याला छाटू का? तुला गुलाबातलं सगळं कळतं ना?’ असं तुला कोणी सांगितलं? तुझ्या आजोबांनीच सांगितलं असणार. (ते जन्मभर माझ्याविषयी चांगलंच बोलत आले, त्यांना दुसरा मार्ग नव्हता.) तेव्हा सल्ला घेण्याआधी सल्ला देणारीची पात्रता तपासून घे. आणि ईशान, मेलबर्नला तुझ्याकडे बाग नसली तरी तूही वाच. तुझं लग्न व्हायचं आहे, आणि ही गोष्ट जितकी गुलाबाची तितकीच लग्नाचीही आहे.

पन्नास सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी नागपूरहून लग्न होऊन वर्ध्याला आले, ती इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली सून म्हणून. ट्रंकेत खाली साड्या आणि वर पुस्तकं. त्यांत बागकामाचं एक जाडजूड विलायती पुस्तक होतं, कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळालेलं. (कवितांचं पुस्तक बक्षिसाच्या रांगेत माझ्या पुढे असलेल्या मुलीला देऊन संपलं होतं.) पुस्तक वाचायची माझी एक पद्धत होती. पहिल्या पानापासून सुरुवात, दर रविवारी एक प्रकरण, आणि पुढचं पान चाळून बघायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त! या शिस्तीनं काय केलं ते पुढे येईलच.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, वर्ध्याच्या कोर्टात वकिली करायचे. पावसाळ्याच्या तोंडावर ते एका कामासाठी नागपूरला गेले आणि येताना रोपवाटिकेतून गोणपाटात गुंडाळलेलं गुलाबाचं एक कलम घेऊन आले. तिथल्या माणसानं त्यांना मूळ झाड दाखवलं होतं म्हणे. फुलं गडद लाल, जवळजवळ काळी, आणि बशीएवढी! कलमाची ती काडी बोटभर जाड आणि वीतभर उंच होती. मामंजींनी ती माझ्या हातात दिली.

“सूनबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे तुमच्या हवाली.”

मी ओसरीसमोर खड्डा घेतला, शेणखत घातलं, रोप लावलं. पावसाळाभर दोन फांद्या वाढल्या. कलमाच्या वरच्या टोकाची एक, किडकिडीत, रुसलेली, सदा आजारी. दुसरी बुंध्यापाशी, मातीतून वर आलेली, सरळसोट, तुकतुकीत आणि दिवसाला हात हात वाढणारी. दसरा झाला आणि रविवारी माझं छाटणीचं प्रकरण आलं. त्यात लिहिलं होतं की अशक्त फांदीवर माया करू नये, सशक्त फांदीला वाव द्यावा. मी माया केली नाही. कात्री घेतली आणि रुसलेली फांदी बुडापासून उडवली!

त्यानंतर झाडानं मागे वळून पाहिलं नाही. आता पुस्तकाची गरज काय, म्हणून मी ते छाटणीच्या प्रकरणाशीच मिटून ट्रंकेत ठेवलं. सरकीची पेंड घाला, चहाचा चोथा घाला, काहीही घाला, ते खाऊन वर जायचं. येणारेजाणारे थांबून बघायचे. “सूनबाईंच्या हाताला गुण आहे हं,” असं मामंजी अशिलांना सांगायचे. माझीही मान जरा ताठ झाली होती. फूल नव्हतं, पण एवढं झाड आहे म्हणजे फूल येणारच, नाही का?

आता नलूची ओळख करून देते. माझी धाकटी नणंद, तुमची नलूआजी. मॅट्रिक झालेली, चुणचुणीत, आणि तोंडानं अखंड चालू. तिला शिक्षिका व्हायचं होतं आणि त्यासाठी ट्रेनिंगला जायचं होतं. एका स्थळानं “मुलगी फार बोलते” म्हणून नकार दिला. दुसऱ्यानं होकार दिला, पण लग्नानंतर शिक्षण बंद, अशी अट घातली. त्या दिवशी ती दिवसभर गप्प बसली आणि सगळं घर घाबरलं.

अशात मामंजींना वर्ध्याच्या स्टेशनवर दादासाहेब भेटले. आर्वीचे निवृत्त न्यायाधीश. खादीधारी, रोज सूत कातणारे, आणि गुलाबाचे वेडे. त्यांचा मुलगा कॉलेजात शिकवायचा आणि बायकोनं हवं तितकं शिकावं असं उघडपणे म्हणायचा! गाडीला उशीर होता. दोघे बाकावर बसले. आधी सुतावर बोलणं झालं, मग मुलामुलींवर, मग गुलाबांवर. गाडी वेळेवर आली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती आली नाही, आणि मामंजी बोलून गेले, “आमच्या सुनेच्या आणि मुलीच्या हातचा गुलाब तुम्ही पाहाच एकदा. बशीएवढी फुलं!”

“असं?” दादासाहेब म्हणाले. “मग माघात येतो फुलं बघायला. मुलगीही बघू.”

याच क्रमानं.

मामंजी घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, “सूनबाई, माघात पाच-सहा मोठी फुलं लागतील.” जणू थालीपीठं सांगत होते!

नलू माझ्या मागे उभी होती. तिनं माझा पदर धरला. “वहिनी, हेच एक स्थळ आहे जिथं मला शिकू देतील. येईल ना गं फूल?”

“येईल म्हणजे काय! येणारच!” मी म्हणाले. आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

सकाळी उठले की आधी झाड. एकेक शेंडा चाचपायचा. पानं, पानं आणि पानं! सासूबाईंनी दृष्ट काढली. तुमचे आजोबा कुठून तरी ऐकून आले की झाडाशी गोड बोलावं. ते ऑफिसला जाताना त्याच्याशी दोन वाक्यं बोलायचे. (माझ्याशी एक.) पौष संपत आला, आर्वीहून येण्याचा दिवसही कळला, आणि कळीचा पत्ता नाही.

आमच्याकडे पूजेची फुलं आणून देणारी सखूबाई रोज टोपली घेऊन यायची. एके दिवशी तिनं टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि झाडाकडे पाहिलं.

“काऊन वं बाई, झाड एवढं माजलं अन् एक कळी नाई?”

“खत घालते, पाणी घालते. आणखी काय करू?”

“लाड करून राह्यल्या तुमी त्याचे. त्याले धाक दाखवा! आमच्या वावरातला आंबा असाच माजला होता. बुढ्यानं कुऱ्हाड घेतली, मी आडवी गेली. म्हटलं, तोडू नका, देईल तो औंदा. अन् दुसऱ्या साली आंबेच आंबे!”

“दुसऱ्या साली?” मी म्हणाले. आमच्या हातात दुसरा आठवडाही नव्हता.

मी बी. ए. झालेली बाई. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, असं मी सखूबाईला स्पष्ट सांगितलं. ती गेल्यावर नलूला विचारलं, “आपली कुऱ्हाड कुठे असते गं?”

मामंजी कोर्टातून आले होते, काळा कोट अंगातच होता. कुऱ्हाड त्यांनी धरायची, मध्यस्थी नलूनं करायची, असं ठरलं. आधी ते संकोचले. पण एकदा कुऱ्हाड हातात आल्यावर त्यांच्यातला वकील जागा झाला.

“बोल! शेवटची संधी देतो! देतेस की नाही? नाही तर आज तुला जिवंत ठेवत नाही!”

नलू केस मोकळे सोडून मध्ये आली. (तिला नाटकाची आवड होती.) “नको हो बाबा! मारू नका! एवढ्या वेळेला सोडा! चूक झाली!”

“बाजूला हो! आज तुकडे करतो!”

एवढ्यात भिंतीपलीकडून किंकाळी आली. शेजारच्या घरात रेल्वेतले पांडेबाबू राहायचे. भिंतीवरून त्यांना वरचा अर्धा भाग तेवढा दिसत होता. म्हणजे काळा कोट, उगारलेली कुऱ्हाड, आणि केस मोकळे सोडून रडणारी नलू.

“वकीलसाब! क्या कर रहे हैं! जवान लड़की है! जो भी गलती हुई, बैठके बात कीजिए!”

मामंजींची कुऱ्हाड हवेतच राहिली. “अहो पांडेबाबू, तिला नाही... झाडाला! फुलं देत नाही म्हणून!”

पांडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी नलूकडे पाहिलं. तिनंही मान हलवली. मग ते अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “पानी पीजिए, वकीलसाब,” आणि भिंतीखाली गेले.

संध्याकाळपर्यंत रेल्वेच्या सगळ्या क्वार्टरांत बातमी पोचली. आणि रेल्वेतल्या माणसांची बातमी रुळावरून जाते! पुलगावला जाईल, तिथून आर्वीच्या छोट्या गाडीत बसेल. सासूबाईंनी दोन्ही हात डोक्याला लावले. “गेलं! हेही स्थळ गेलं!”

झाड मात्र अजिबात घाबरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक फांदी कौलांत घुसवली.

शेवटी मी निर्णय घेतला. (पुढच्या सगळ्या गोंधळाची मालकी त्यामुळे माझ्याकडे येते.) फुलं विकत आणायची आणि झाडाला बांधायची! पाहुण्यांना ओसरीवर बसवायचं. तिथून झाड पंधरा-वीस पावलांवर. दादासाहेबांना चष्मा. लांबून बघतील, खूष होतील, पोहे खातील, जातील. झाडापर्यंत जायचंच कुणाला? गुलाबाच्या वेड्याला गुलाबापासून पंधरा पावलांवर बसवून ठेवता येईल, असा माझा हिशेब होता. बी. ए. झालेल्या बाईचा!

सखूबाईला बजावून सांगितलं, “गडद लाल. सगळी सारखी. मोठी.”

“चिंताच करू नका, बाई.”

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी ती आली. टोपलीत गुलाबी फुलं होती, दोन पांढरी होती, आणि लाल एकच, तेही करवंदाएवढं.

“सखूबाई! लाल कुठंय?”

“लगनं हायेत ना बाई माघात! लाल सारे हारात गेले. एवढंच वाचवून आणलं तुमच्यासाठी, अन् तुमी मलेच वरडता!”

आता बदलायला वेळ नव्हता. स्टूल आणलं. बांधायला काय? सासूबाई आतून सुताची एक गुंडी, म्हणजे लड, घेऊन आल्या.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. त्या काळी वर्ध्यात घराघरांत चरखा नाही तर टकळी असायची. सासूबाई रोज दुपारी भक्तिभावानं कातायच्या. पण त्यांचं सूत म्हणजे एकीकडे सुतळी, दुसरीकडे कोळिष्टक. नुसतं बघितलं तरी तुटायचं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलायचं नाही. त्यांच्या गुंड्या फडताळात वरच्या फळीवर मानानं ठेवलेल्या असायच्या.

मी पहिलं फूल बांधलं. सूत तुटलं. दुसरं बांधलं. तुटलं. सासूबाई म्हणाल्या, “तू फार ओढतेस.” तिसऱ्या वेळी मी ओढलंच नाही, तरी तुटलं. मग नलूनं गुपचूप आपली गुंडी माझ्या हातात दिली. बारीक, एकसारखं, पीळदार सूत. नलू हातानं टकळी फिरवायची आणि तोंडानं जग फिरवायची, पण धागा कधी तुटायचा नाही. त्या सुतानं फुलं पक्की बसली. लांबून काय झाड दिसत होतं म्हणून सांगू! जवळून मात्र रुखवतासारखं.

पाहुणे आले. दादासाहेब, उंच, पांढरी टोपी, पांढरं धोतर, मितभाषी. बरोबर त्यांची थोरली बहीण, आक्का. त्या मितभाषी नव्हत्या. नलूला आम्ही ताकीद दिली होती, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर एका शब्दात.

आक्का टेकल्या न टेकल्या तोच म्हणाल्या, “वकीलसाहेब, तुमी पोरीच्या मांगं कुऱ्हाड घेऊन धावता म्हणते?”

बातमी गाडीच्या आधी पोचली होती.

मामंजींनी हातातला पेला खाली ठेवला. “छे छे! ते... झाडाच्या फांद्या...”

“पोरीले पुसते मी. का वं, नाव काय तुयं?”

“नलिनी.”

“बाप मारते काय तुले?”

“नाही.”

“मंग रडत काऊन होती?”

याचं एका शब्दात उत्तर नव्हतं. नलूनं माझ्याकडे पाहिलं. मी कौलांकडे पाहिलं.

“सूत कातता येतं का?” दादासाहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. आम्हाला हायसं वाटलं. मामंजी टुणकन उठले. “येतं म्हणजे! दाखवतो ना!” आणि घाईघाईत फडताळाच्या वरच्या फळीवरची गुंडी काढून आक्कांच्या हातात दिली.

वरच्या फळीवरची!

आक्कांनी धाग्याचं टोक धरलं. तुटलं. दुसरीकडून धरलं. तुटलं. त्यांनी न बोलता ती गुंडी भावाकडे दिली. दादासाहेबांनी ती हातात घेतली मात्र, आणि तिची लोकर झाली.

हे सूत माझं नाही, असं नलूला सांगता येईना, कारण मग ते कुणाचं? आणि सासूबाई ते माझं आहे, असं पाहुण्यांसमोर कशा म्हणणार? त्या पदरानं कपाळ पुसत राहिल्या. नलूच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रेनिंग, शाळा, फळा, खडू, सगळं तिला त्या लोकरीत दिसत असणार.

दादासाहेबांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली. “गुलाब बघू या,” ते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

“इथूनच छान दिसतो!” मी ओरडले.

“जवळून जास्त छान दिसेल.”

मी त्यांच्या मागे धावले. भीतीनं माझ्या तोंडून त्या विलायती पुस्तकातलं जे आठवेल ते बाहेर पडायला लागलं. मातीचा निचरा, उन्हाची दिशा, गोगलगायींचा बंदोबस्त. (वर्ध्याच्या उन्हात गोगलगाय!) ते ऐकत नव्हतेच. झाडापुढे उभे राहून त्यांनी चष्मा पुसला.

“एकाच झाडाला तीन रंग?”

“कलम केलंय,” मी म्हणाले. तोंडातून गेलं!

“तिन्ही? कुणी?”

“मी.”

दादासाहेबांनी माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तशा आदरानं त्याआधी आणि त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. “वा! मला वीस वर्षांत दोन रंगांपुढे जाता आलं नाही. वा! एक फूल घेऊ का?”

मी ‘नको’ म्हणणार, तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला, “घ्या की! आपलंच घर आहे!” पाहुण्यानं काही मागितलं की त्यांच्या तोंडून हे आपोआप निघायचं.

त्यांनी एक गुलाबी फूल चिमटीत धरलं आणि हळूच ओढलं. फूल येईना. जरा जोरानं ओढलं. फांदी खाली आली, फूल येईना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. आता अख्खी फांदी कमानीसारखी वाकली, दादासाहेबांच्या डोक्यावर आली, आणि तेवढ्यात त्यांच्या बोटाला काटा लागला. हात सुटला. फांदी सपकन वर गेली आणि जाताना काट्यांत टोपी घेऊन गेली! निवृत्त न्यायाधीशांची शुभ्र टोपी आमच्या कौलांपाशी झुलत होती. फूल अजून जागच्या जागी होतं.

भिंतीपलीकडून पांडेबाबूंचं डोकं वर आलं, त्यांनी टोपीकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, आणि ते पुन्हा खाली गेलं.

दादासाहेबांनी उघड्या डोक्यानं फांदी परत खाली घेतली. आता सावकाश. देठ पाहिला. देठावरची गाठ पाहिली. मग बाकीच्या फुलांच्या गाठी पाहिल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी. ती दुभंगेना. काळी माती, पण हवी तेव्हा दुभंगत नाही!

“वहिनी, आता मी बोलू काय?” नलू ओसरीच्या पायरीवर उभी होती. आणि परवानगीची वाट न बघता तिचा बांध फुटला. “काका, फुलं बाजारातली आहेत. झाड वहिनीचं आहे. सूत माझं आहे. झाडाला फूलच येईना, आणि तुम्ही फुलं बघायला येणार, म्हणून बाबांनी कुऱ्हाड घेऊन झाडाला धाक दाखवला. मी मध्यस्थी करत होते, म्हणून रडत होते. ते खोटं रडणं होतं. आत्ताचं खरं आहे. आणि ती फळीवरची गुंडी...” ती थांबली.

“ती माझी,” सासूबाई म्हणाल्या. उभ्या राहिल्या, पदर खोचला. “माझी आहे ती. मला नाही येत सूत कातता. झालं?”

आक्का तरातरा खाली आल्या. त्यांनी फांदीवरचा धागा सोडवला, दोन बोटांना गुंडाळला आणि ओढला. तुटला नाही. दादासाहेबांनी ओढला. तुटला नाही. दोघांनी दोन टोकं धरली, आणि भाऊ-बहीण आमच्या अंगणात रस्सीखेच खेळू लागले!

“टकळी आण वं,” आक्का म्हणाल्या.

नलूनं टकळी आणली. तिथेच झाडाखाली उभी राहून ती कातायला लागली आणि अर्थातच बोलायलाही. शाळेत मुलींना काय शिकवीन, भूगोल कसा शिकवीन, पहिल्या स्थळानं काय विचारलं होतं, सगळं! आम्ही मागून खुणा करत होतो, गप्प, गप्प! आक्का मात्र तिच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर धाग्यावर होती.

बऱ्याच वेळानं त्या भावाला म्हणाल्या, “पोरगी बोलते बहू. पण बोलता बोलता धागा तुटत नाई तिचा.”

“शाळेत असंच कोणी लागतं,” दादासाहेब म्हणाले.

मामंजी मटकन पायरीवर बसले. मी सुटकेचा श्वास सोडणार होते. पण दादासाहेब आता खाली वाकून माझ्या झाडाचा बुंधा बघत होते. त्यांनी एक पान तोडलं आणि त्याच्या देठावरची छोटी पाती मोजली.

“सात. सूनबाई, गुलाबाच्या कलमाला पाच असतात बहुधा. इथं वर एक बारकी फांदी असेल ना? रुसल्यासारखी?”

“होती,” मी अभिमानानं म्हणाले. “अशक्त होती. छाटून टाकली.”

ते सरळ उभे राहिले. मग अगदी कनवाळू आवाजात, जणू फाशीची शिक्षा वाचून दाखवतात तसे म्हणाले, “तोच गुलाब होता. कलम करताना खाली जंगली खुंट घेतात आणि वर नाजूक गुलाब बांधतात. तुम्ही गुलाब तोडलात आणि खुंटाला पेंड घातलीत.”

आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की आक्कांना त्यांची पाठ चोळावी लागली. तुमचे आजोबा शिडी लावून टोपी काढत होते; ते वरच्या वर हसले. सासूबाई हसल्या. सगळ्यात शेवटी भिंतीपलीकडून पांडेबाबू हसले, पण भीत भीत.

लग्न वैशाखात झालं. नलूच्या सुताचे दोन हार केले, एक तिचा, एक नवऱ्याचा. मामंजींनी फुलांच्या हारांचं विचारलं, तर दादासाहेब म्हणाले, “नको. या घरची फुलं आम्ही पाहिली आहेत.” जाताना त्यांनी माझ्या झाडाच्या काड्या मात्र गोणपाटात बांधून नेल्या. असला दांडगा खुंट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता म्हणे! पुढे आर्वीच्या त्यांच्या बागेत बशीएवढे गुलाब फुलले ते त्याच खुंटांवर. नलू ट्रेनिंग करून शिक्षिका झाली, आणि मुली सांगायच्या की बाईंचा भूगोलाचा तास संपतच नाही.

पाहुणे गेले त्या दिवशी संध्याकाळी मी ते विलायती पुस्तक उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून पुढचं प्रकरण चाळलं. छाटणीच्या लगेच पुढचं पान. त्यावर माझ्या लाडक्या फांदीचं हुबेहूब चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं की बुंध्यापासून असं काही फुटलं तर दिसताक्षणी काढून टाकावं.

तर तन्वी, तुझ्या गुलाबाला छाटू नकोस. निदान मी सांगते म्हणून तरी छाटू नकोस. कुणाला तरी विचार. आणि एवढं करूनही फूल आलं नाही आणि पाहुणे यायचे असतील, तर कळव. नलूआजीची एक गुंडी माझ्याकडे अजून आहे, पार्सलनं पाठवते.